कुर्ला : गिरणी, नगरपालिका आणि आपली नोंद



विहाराचा वर्धापनदिन आला की स्मरणिका निघते. तीत बाबासाहेबांचे विचार असतात, धम्मावरचे लेख असतात, वर्गणीदारांची यादी असते, दुकानदारांच्या जाहिराती असतात. ते सगळं हवंच. पण ज्या कुर्ल्यात आपण राहतो, राबतो, त्या कुर्ल्याचा इतिहास कोणी लिहीत नाही. आपली पोरं शाळेत पानिपत शिकतात, प्लासी शिकतात. कुर्ला मुंबईत कधी आलं, त्याआधी इथे कोणाचा कारभार होता, गिरणी कोणी काढली, मत कोणाला होतं आणि पाणी कोणाला होतं, हे त्यांच्या दप्तरातल्या पुस्तकात नाही. म्हणून आम्ही गिरणी कामगारांनी वाचनालयात बसून आणि वडीलधाऱ्यांना विचारून जे गोळा केले, ते इथे मांडत आहोत.

या सगळ्यातून आम्हाला एकच गोष्ट ठळक दिसली. ज्याचे नाव वहीत, त्याचा कारभार. वही मतदारांची असो, मस्टर असो, शिरगणतीची असो की नळाच्या बिलाची. आपल्या माणसांचा शंभर वर्षांचा लढा हा त्या वहीत नाव घालून घेण्याचा लढा आहे.

गाव आणि गावाचा मालक

कुर्ला हे मूळचे साष्टी बेटावरचे गाव. मिठी नदीच्या आणि खाडीच्या चिखलात कुर्ल्या भरपूर सापडत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. साष्टीवर आधी पोर्तुगीज होते, १७३९ साली मराठ्यांनी ती घेतली आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रज आले. गावात कोळी, आगरी, ख्रिस्ती, मुसलमान. मासेमारी, भातशेती आणि मिठागरे हा धंदा. गावकुसाबाहेर आपली माणसे.

मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामध्ये खाडी होती. जोनाथन डंकन गव्हर्नर असताना, १७९८ ते १८०५ या काळात, शीवचा बांध घातला गेला आणि मुंबईची वाट कुर्ल्यावरून जाऊ लागली. मग १८०८ साली इंग्रज सरकारने कुर्ला आणि भोवतालची काही गावे होरमसजी बमनजी वाडिया या पारशी व्यापाऱ्याला दिली. बदल्यात मुंबईत अपोलो बंदराजवळचा त्यांचा एक जमिनीचा तुकडा सरकारने घेतला. म्हणजे एका तुकड्याच्या बदल्यात अख्खी गावेच्या गावे! देणाऱ्याचे नाव कागदावर आहे, घेणाऱ्याचेही आहे. नाही ते गावात राहणाऱ्याचे. कोळ्याला कोणी विचारले नाही, आगऱ्याला विचारले नाही, मग महाराला कोण विचारतो?

साष्टीतल्या अशा जहागिरींची महसूल माफी रद्द करणारा कायदा १९५१ साली झाला. म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर. कुर्ल्याच्या जमिनीचा विषय निघाला की ही दीडशे वर्षे लक्षात ठेवावी लागतात.

गिरणीचे गाव

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली. तिचा रूळ कुर्ल्यातूनच गेला. रेल्वे आली, मागोमाग गिरणी आली. १८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये कुर्ल्याच्या दोन कापड गिरण्यांची नोंद आहे. त्यातली धरमसी पुंजाभाईंची गिरणी इलाख्यात सर्वांत मोठी होती. तिच्यात ९२,०९४ चात्या आणि १,२८० माग होते. दुसरी कुर्ला स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल. त्या वेळी कुर्ल्याची वस्ती होती ९,७१५ आणि त्यातले जवळजवळ निम्मे लोक गिरणी कामगार. उरलेले कोळी, शेतकरी आणि मिठागरवाले. गॅझेटियरने चात्या शेवटच्या आकड्यापर्यंत मोजल्या. त्या चालवणारी माणसं मात्र 'जवळजवळ निम्मी'!

धरमसींची ही गिरणी पुढे डबघाईला आली. ती जमशेटजी टाटांनी १८८६ साली विकत घेतली आणि तिला नाव दिले 'स्वदेशी'. चुनाभट्टीकडे जाणारा स्वदेशी मिल रोड हा त्याच गिरणीचा रस्ता. चुनाभट्टी हे नावही चुन्याच्या भट्ट्यांवरून पडलेले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची गाडी धावली ती व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला. पुढे रेल्वेची कारशेड आली, लहानमोठे कारखाने आले. १९४४ साली वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी निघू लागल्या. मुंबईच्या रस्त्यावर टॅक्सी म्हणून जी पद्मिनी वर्षानुवर्षे पळाली, ती कुर्ल्याची लेक.

कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून आपली माणसे इथे आली. गावाला बलुतं होतं, पण पोट भरत नव्हतं आणि मान तर नव्हताच. भोंग्यावर उठायचं, पाळीला जायचं, महिन्याला रोख पगार घ्यायचा. गावच्या मानाने ही मोकळीकच. पण शहरात आलो म्हणून जात सुटली, असे झाले नाही.

साचा खात्याचे दार

मुंबईच्या गिरण्यांत विणकामाच्या खात्याला साचा खाते म्हणतात. इतर खात्यांपेक्षा इथे पगार जास्त. पण या खात्यात अस्पृश्याला काम नव्हते. कारण काय, तर धोट्यात नवी नळी घातल्यावर सुताचे टोक तोंडाने ओढून बाहेर काढावे लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसरा तोंडाला लावणार, मग विटाळ होणार! म्हणून आपल्या माणसांनी रिंग खात्यात, झाडूकामात, बोजा उचलण्यात आयुष्य काढले. कामगारांची एकजूट म्हणून सभेत घोषणा व्हायच्या, आणि पाण्याचा माठ मात्र वेगळा.

१९२८-२९ च्या मोठ्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर विचारला. साचा खात्याचे दार अस्पृश्यांना उघडणार की नाही, ते सांगा. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली, तिथे त्यांनी सांगितले की कामगाराचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आमच्या काही जुन्या सहकाऱ्यांना यातला दुसराच शत्रू आठवतो, काहींना फक्त पहिला. बाबासाहेबांनी दोन्ही सांगितले होते. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्षाने इतर कामगार संघटनांच्या खांद्याला खांदा लावून मुंबईत संप केला. पुढे व्हाईसरॉयच्या कौन्सिलात बाबासाहेब मजूर मंत्री झाले. आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी कारखाना कायद्यातली दुरुस्ती १९४६ ची, तिच्यामागे त्यांचेच काम आहे. आठ तासांची पाळी भरून घरी येणाऱ्या प्रत्येक कामगाराने, मग तो कोणत्याही जातीचा असो, हे एकदा मनाशी आठवावे.

नगरपालिका कोणाची?

आजच्या पोरांना खरं वाटणार नाही, पण कुर्ला १९५० पर्यंत मुंबई महापालिकेत नव्हते. आधी ते ठाणे जिल्ह्यातल्या साष्टी तालुक्यात होते. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा वेगळा निघाला, त्यात कुर्ला आले. कुर्ल्याला स्वतःची नगरपालिका होती. रस्ते, दिवाबत्ती, गटारे, पाणी, सफाई, बाजार ही तिची कामे. या कामांतले रस्ता झाडण्याचे आणि मैला उचलण्याचे काम करायला आपली माणसे होती. ठराव करायला नव्हती.

का नव्हती? कारण त्या काळी मत हे माणसाला नव्हते, मालमत्तेला होते. कर भरणारा, घरमालक, शिकलेला, असा जो असेल तो मतदार. शेजारच्या मुंबई महापालिकेतही १९२२ नंतर महिना दहा रुपये भाडे भरणाऱ्यापर्यंत मताधिकार खाली आला, तेव्हा केवढी सुधारणा झाली म्हणून कौतुक झाले. आता गिरणी कामगाराची खोली आठवा. एका खोलीत आठ-दहा माणसं, दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच वाकळेवर झोपणार. भाड्याची पावती झाली तर एकाच्या नावावर. बाकीच्यांचे नाव ना पावतीवर, ना यादीत. म्हणजे कापड विणणारा, रस्ता झाडणारा, रूळ टाकणारा तोच. आणि गावचा कारभार ठरवताना तो माणसात नाही.

याच काळात पाण्याचा प्रश्न पुढे आला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा सांभाळलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. हा ठराव नगरपालिकांनी अंमलात आणायचा होता. त्यांनी तो आणला नाही, म्हणून १९२६ साली बोले यांना दुसरा ठराव आणावा लागला. जी नगरपालिका ऐकणार नाही तिची सरकारी मदत बंद करा, असे त्यात होते.

महाडचे तर सर्वांना माहीत आहे. पण एक गोष्ट आपण भाषणात सांगायची विसरतो. चवदार तळे खुले करण्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. कागदावर तळे खुले झालेले होते! २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो लोकांनी ओंजळीने पाणी घेतले, ते त्या ठरावाचा अंमल म्हणून. मग मार खावा लागला. आणि त्याच नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला. कोर्टकज्जे दहा वर्षे चालले. १९३७ साली हायकोर्टात निकाल आपल्या बाजूने लागला. यातून शिकायचे ते हे की नगरपालिकेचा ठराव आपल्यासाठी होतो तसा आपल्याविरुद्धही होतो, आणि ठराव करणाऱ्यांत आपला माणूस नसेल तर तो एका रात्रीत फिरतो. म्हणूनच ग्रामपंचायत विधेयकावर १९३२ साली कायदेमंडळात बोलताना बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार आणि राखीव जागा यांचा आग्रह धरला.

कुर्ला मुंबईत आले

प्रौढ मताधिकारावर मुंबई महापालिकेची पहिली निवडणूक १९४८ साली झाली. भाड्याची पावती नसलेल्याला, निरक्षराला, बाईमाणसाला, झाडूवाल्याला, सर्वांना एक मत. दोनच वर्षांनी, १५ एप्रिल १९५० रोजी, बृहन्मुंबईची हद्द वाढली. ती पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेला भांडुपपर्यंत गेली. कुर्ल्याची नगरपालिका संपली आणि कुर्ला मुंबईचे झाले. १९५७ साली हीच हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोचली.

याचा फायदा झाला. मोठ्या महापालिकेच्या शाळा आल्या, दवाखाने आले, इस्पितळ आले. तोटाही झाला. आधी कारभाराची कचेरी गावातच होती, कारभारी रस्त्यात भेटायचा. आता कुर्ला एक विभाग झाले, 'एल' विभाग. एक इंग्रजी अक्षर! मोठे निर्णय बोरीबंदरच्या दगडी इमारतीत होऊ लागले. मत मिळाले आणि त्याच वेळी कारभार लांब गेला, असा हा योग.

धम्म आणि शिरगणती

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली. ७ डिसेंबरला दादरच्या स्मशानभूमीत, बाबासाहेबांच्या पार्थिवासमोर, भदन्त आनंद कौसल्यायन यांनी लाखोंना दीक्षा दिली. जुनी माणसे सांगत की त्या रात्री कुर्ल्यातून माणसं चालत गेली. परत आली ती वेगळी होऊन आली. घरातले देव्हारे रिकामे झाले, आणि पुढे वस्त्यावस्त्यांतून, पत्र्याच्या शेडमध्ये का होईना, विहारे उभी राहिली.

१९५१ च्या शिरगणतीत महाराष्ट्राच्या भागात बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास. १९६१ च्या शिरगणतीत ते झाले सुमारे २७ लाख ९० हजार. इतक्या लोकांनी सरकारी माणसासमोर उभे राहून, विचारल्यावर, 'आम्ही बौद्ध' असे लिहायला लावले. त्याची किंमतही मोजावी लागली. धर्म बदलला म्हणून केंद्राच्या सवलती गेल्या. राज्याने १९६० नंतर सवलती दिल्या, पण केंद्राची अनुसूचित जातीची मान्यता बौद्धांना १९९० साली मिळाली. मधल्या चौतीस वर्षांत नोकरीच्या लोभाने कागदावर जुनी जात लिहिणारे होते, तसेच उपाशी राहून 'बौद्ध' लिहिणारेही होते. त्यांच्याबद्दल कोणी पुस्तक लिहिले नाही, म्हणून या स्मरणिकेत त्यांना वंदन.

भोंगा बंद झाला

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. आमच्या वयाचे अनेक जण संपानंतरच बदली म्हणून लागले. थोरल्यांच्या जागेवर आपण उभे आहोत, ही टोचणी मनात ठेवून आम्ही तिकीट घेतलं. तेव्हा गिरणीत जुन्या यंत्रांवर काम चालायचं आणि जमिनीचे भाव वर चढत होते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा काही भाग शहराला आणि घरांना देण्याचे कलम होते, २००१ साली ते बदलले आणि त्या वाट्याची जमीन फार आटली. कुर्ल्याची स्वदेशी २००० साली बंद पडली. पद्मिनी मोटारही त्याच सुमारास थांबली. ज्या कुर्ल्यात घड्याळाऐवजी भोंगा होता, तिथे कारखान्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले. शेजारी खाडीत भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. नावात कुर्ला आहे, पण कुर्ल्याचा पोरगा तिथे जातो तो बहुधा सुरक्षारक्षक म्हणून किंवा डबा पोचवायला.

गिरणी कामगारांना घरे मिळावीत म्हणून मोर्चे निघाले, म्हाडाची सोडत २०१२ पासून सुरू झाली. अर्ज आले पावणेदोन लाखांच्या घरात. घरे मात्र काही हजार. आणि अर्जाला काय लागते? १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर असल्याचा पुरावा. तिकीट, हजेरीपत्रक, फंडाची पावती. कित्येक घरांत बाप वारला तेव्हा आईने ते कागद पेटीच्या तळाशी जपून ठेवले. कित्येकांचे कागद २६ जुलै २००५ ला वाहून गेले. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी फुगली आणि कुर्ल्याच्या वस्त्या गळ्यापर्यंत पाण्यात गेल्या. नदीला भराव घालून अरुंद केले कोणी? आणि बुडाले कोण?

पाइप शेजारी, पाणी दूर

विहार तलावाचे पाणी मुंबईला १८६० साली आले, तानसाचे १८९२ साली. या भागातून ते मोठे पाइप मुंबईकडे गेले. त्यांच्या आडोशाला आपल्या माणसांच्या झोपड्या वसल्या. पाइपाला कान लावला तर पाणी वाहताना ऐकू येते, पण हंडा भरायला बायका मैलभर जातात, असे दिवस आम्ही पाहिले आहेत. नळ मागायला एका कचेरीत गेलो तर बाबू विचारायचा, 'पुरावा काय? कधीपासून राहता?' १९९५ च्या आधीचे असाल तर माणूस, नंतरचे असाल तर नाही. पुढे ही तारीख २००० पर्यंत सरकली. तहान काही तारीख विचारून लागत नाही.

पाणी हक्क समिती या प्रश्नावर हायकोर्टात गेली. १५ डिसेंबर २०१४ ला निकाल लागला. झोपडी बेकायदा असली तरी तिच्यात राहणाऱ्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही, कारण पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. महाडनंतर सत्त्याऐंशी वर्षांनी! आम्हाला वाटते, आपल्या विहारात २० मार्चला जसे व्याख्यान होते, तसे १५ डिसेंबरलाही व्हावे.

आता काय करायचे?

७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून लागू झाली. तिने अनुसूचित जातींना आणि स्त्रियांना नगरपालिकांत राखीव जागा दिल्या, प्रभाग समित्या दिल्या. ज्या कुर्ल्यात आपल्या आजीला मत नव्हते, त्याच कुर्ल्यात आपली लेक नगरसेविका होऊ शकते. पण मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. जवळजवळ चार वर्षे एवढ्या मोठ्या शहराचा कारभार प्रशासकाने चालवला. आपल्या वस्तीत किती जणांनी त्याबद्दल आवाज काढला? जयंतीच्या मंडपासाठी आपण रात्रभर जागतो, डीजेसाठी भांडतो. मतदार यादीत नाव आहे का, हे पाहायला मात्र अर्धा तास मिळत नाही.

म्हणून वर्धापनदिनाच्या निमित्ताने आमची सूचना आहे. विहारात एक कपाट करावे. त्यात वस्तीतल्या प्रत्येक कुटुंबाच्या जुन्या कागदांच्या प्रती ठेवाव्यात. गिरणीचे तिकीट, फंडाची पावती, रेशन कार्ड, पहिले नळाचे बिल, दीक्षेच्या वेळचा एखादा फोटो, जे असेल ते. दर महिन्याच्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर एक तास मतदार यादी, जातीचा दाखला, नळाचा अर्ज यांचे काम व्हावे. शिकलेल्या मुला-मुलींनी ते करावे, म्हाताऱ्यांनी शेजारी बसून जुनी माहिती सांगावी. आणि प्रभागाच्या कामावर लक्ष ठेवायला पाच माणसे नेमावीत, त्यात निम्म्या तरी बायका असाव्यात, कारण पाण्याचे खरे दुखणे त्यांनाच माहीत.

भगवान बुद्धांनी सांगितले की ऐकीव म्हणून काही मानू नका, तपासून पाहा. आपल्या वस्तीचा इतिहासही ऐकीव ठेवू नका. ज्यांनी चात्या मोजल्या त्यांनी आपल्याला मोजले नाही. आता आपली मोजणी आपणच करू. कपाटाच्या कामाला ज्यांना यायचे असेल त्यांनी पुढच्या पौर्णिमेला वंदनेनंतर थांबावे, घरातले कागद सोबत आणावेत.

नमो बुद्धाय. जयभीम.